मागचं दार

रॉटरडॅमच्या या रस्त्यावरची एकूण एक हॉटेलं
मला मागच्या दाराने माहीत आहेत.
सव्वीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतो.
कुठला देश कसा, विचाराल तर सांगेन
किती अंशांवर ठेवतात.

सुरिनामवाल्यांचं खारवलेलं मांस निळ्या पिंपात.
इंडोनेशियन बाईंच्या बरण्यांवर
वारलेल्या नवऱ्याचं अक्षर;
मी कपाट धुवायला काढलं तेव्हा
बरण्या पोटाशी धरून उभ्या राहिल्या, पुसू दिल्या नाहीत.
व्हिएतनामी भावांकडे रात्री दोनला मोटार बसली,
आत चाळीस किलो कोळंबी.
तिघांनी बर्फ वाहिला, मग पायरीवर बसून
पाव खाल्ला, शेंगदाण्याचं लोणी लावून.
आमच्या केप व्हर्दवाल्यांचं एकच हॉटेल.
तिथे मी पैसे घेत नाही,
म्हणून ते बोलावत नाहीत.

काल जोसिमारा म्हणाली, पापा, साठ झालात,
आज पुढच्या दाराने.

एरिट्रियन हॉटेल. अंगात इस्त्रीचा शर्ट.
भिंतीवर उंट आहेत हे मला माहीतच नव्हतं.
लेतेसेलाम, जिच्या आंबवणाच्या डब्यांपाशी
मी कितीक दुपारी गुडघ्यांवर काढल्या,
गिऱ्हाइकाला हसावं तशी हसली:
या. टेबल राखलंय का?

भलीथोरली जाळीदार पोळी आली.
हाताने खायचं, पापा.
पण माझा कान भिंतीपलीकडे.
चालू होतंय. दम लागून थांबतंय.
पंखा घासतोय, म्हटलं.
आज नको, ती म्हणाली.
बरं.
तुकडा मोडला.
पुन्हा घासला.

उठलोच. बाह्या दुमडत आत गेलो,
सगळ्यांकडे पाठ करून वाकलो,
आणि मागून ओरड आली:
अगंबाई, आदेलिनो!

सुरीच्या टोकाने पातं सरळ केलं. दोन मिनिटांचं काम.
हात काळे झाले.
तिने ताट तिथेच आणलं, लालभडक रश्शात बुडवून
मुठीएवढा घास वळला.
आमच्यात असाच भरवतात, म्हणाली, नाही म्हणायचं नाही.

त्या घरातलं काहीतरी गरम
मी पहिल्यांदाच खात होतो. तोंड उघडता येईना.
दारात जोसिमारा, हातावर दोघांचे कोट, रागावलेली.
काळ्या बोटाने मी लेतेसेलामला खूण केली:
तिलाही एक.