टोकाची मोजदाद

डोंगरांची रांग इथवर येते
आणि थांबायचं विसरते.
उतरते समुद्रात, गुडघाभर, कमरेभर, गळ्याइतकी,
मग नुसते काळे माथे दिसत राहतात
लांब, धुक्याच्या आतपर्यंत.

त्या माथ्यांवर सील झोपतात.

त्यांना मोजायचं हे माझं काम.
ओहोटीची वेळ बघून, पहाटे,
कड्यावरच्या लाकडी खोक्यात
दुर्बिणीला डोळा लावून बसायचं.
डोळ्यांत तेल घालून, म्हणतात;
इथे तेलाआधी मीठ जातं.
अंगभर त्यांच्या गोल गोल ठिपके,
जुन्या भोकाच्या पैशांसारखे.
एक शिंकला की अख्खा खडक कूस बदलतो
आणि मी पुन्हा एकपासून.

होक्काइदोच्या या टोकावर
छत्री मागितली तर दुकानदार हसतो.
कुरव उडत नाहीत, लटकतात.
पाणकावळे कड्याच्या भेगेत
एकमेकांना टेकून, थिजलेल्या डांबरासारखे.

वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय
ते तोमेयोबाईंना विचारा.
त्यांच्या लहानपणी इथे एक झाड नव्हतं.
होती ती चुलीत गेली, मग माती उठली.
भातात वाळू, अंथरुणात वाळू,
किनाऱ्याचं पाणी विटकरी,
कोंबूच्या पट्ट्यांवर चिखलाचा थर, कोण घेणार?
गवताचं बी सकाळी पेरावं
तर संध्याकाळी ते गावाबाहेर.
मग कुणाला तरी सुचलं
लाटांनी टाकून दिलेलं शेवाळ,
बुळबुळीत, जड, कुजकं,
तेच वर नेऊन बियांवर पांघरायचं.
बायकांनी पाठीवरून वाहिलं.
"तो वास माझ्या लग्नातही होता," म्हणतात तोमेयोबाई,
आणि हसताना एकच दात दाखवतात.

आता तिथे पाइन आहेत.
वाऱ्याकडचे अजून माझ्या खांद्याएवढेच,
सगळे एकाच बाजूला कललेले,
काही ऐकू आल्यासारखे.
त्यांच्या बुडाशी एक कोल्ही व्याली आहे.
तोमेयोबाई तिला रोज शिव्या घालतात
आणि रोज माशाची आतडी.

बाबांचं जाळं टोकाच्या पूर्वेला.
पानं लाल झाली की सॅमन येतो
आणि त्याच्यामागे माझे सील.
माझे, असं बाबाच म्हणतात:
"तुझ्यांनी आज चाळीस डोकी खाल्ली."
धड सोडतात, डोकं नेतात.
बिनडोक माशाला बाजारात विचारतो कोण?
माणसांचं चालतं तिथे, असंही म्हणतात बाबा,
पण ते पगार देणाऱ्या माझ्या साहेबांबद्दल.

एरवी आमचं बोलणं एवढंच.
"किती?"
"तीनशे बारा."
आणि चहा अर्धा टाकून ते उठतात.

काल रात्रभर दीपगृहाचा भोंगा वाजत होता.
बाबा उशिरा आले.
बूट न काढता दारातच उभे.
हातमोज्यांना आखूड, करडे केस.
मी काही विचारलं नाही.
भात वाढला, मुळ्याचं लोणचं पुढे सरकवलं.
त्यांनी हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.
"यंदाचंच होतं," ते नळाला म्हणाले,
"आत शिरलं, बाहेरची वाट नाही सापडली.
ओढलं तेव्हा गरम होतं अजून."
नळ बराच वेळ वाहत होता.
दिवा मालवताना म्हणाले,
"उद्या एक कमी लिही."

सकाळी कड्यावर नुसतं पांढरं.
खडक नाहीत, समुद्र नाही,
फक्त खालून घोरणं, ओलं, तुटक,
किती जणांचं ते कळू नये असं.
वहीत तारीख घातली. ओहोटी चार वीस. वारा ईशान्येचा.
आकड्याच्या रकान्यावर
बोट दाबून बसून राहिले,
पान उडू नये म्हणून.