वीस खुर्च्या

रात्री सव्वादोनला खराडीत फोन वाजला.
पलीकडे सौदामिनी. "कनेक्शनं संपली. वीसच्या वीस."
बघतो तर कुणीच काही करत नव्हतं.
ट्रान्झॅक्शन उघडून सगळी नुसती बसलेली,
एसेमेस कंपनीच्या उत्तराची वाट बघत,
आणि दारात चारशे विनंत्या ताटकळत.

सदाशिव पेठेतली अभ्यासिका.
खुर्चीवर रुमाल टाकून
मी चहाला जायचो, तासतासभर.
एकदा परतलो तर एक मुलगा, सांगोल्याकडचा बहुतेक,
भिंतीला टेकून उभ्यानंच वाचत होता.
रुमालाला हात लावला नव्हता त्यानं.

"मर्यादा पन्नास करू का?"
नको, म्हटलं. पन्नास रुमाल पडतील.

चार ओळी हलवल्या.
आधी नोंद, मग कमिट, जागा मोकळी,
निरोपाची वाट बघायची ती बाहेर जाऊन.
आणि पाच सेकंदांत काम उरकलं नाही तर रोलबॅक,
जणू तिथं कुणी बसलंच नव्हतं.

जुना कोड कुणाचा ते पाहिलं.
मार्चमधला. माझाच.

पावणेतीनला आलेख उतरला.
"रुमाल कसले रे?" जांभई देत ती म्हणाली.
काही नाही. झोप तू.