शिट्टीचं वजन

घरच्या रिंगणाचं वजन किती,
हे दर एप्रिलमध्ये मला कुणीतरी विचारतं.
बाद फेरी लागली की हा प्रश्न वर येतो,
तळ्यावरचा बर्फ काळा पडू लागतो तेव्हाच.

प्रशिक्षक म्हणतात, अर्धा गोल.
पैजा लावणारा आर्तो म्हणतो, शंभरात पंचावन्न,
सातव्या सामन्यात थोडे जास्त किंवा थोडे कमी,
ते त्या आठवड्यात त्याने किती घालवलेत त्यावर.
कूसिलाहतीचा बर्फवाला रेइयो नुसता हसतो.
त्याला ठाऊक आहे ईशान्येच्या कोपऱ्यातली फळी,
जिच्यावर आदळून चकती मेल्यागत पडते.
आणि हेही, की पाहुण्यांच्या खोलीतलं गरम पाणी
चौथ्या अंघोळीला संपतं.
दुरुस्तीचा अर्ज केलाय म्हणे.
एकोणीस वर्षं झाली.

मी पंच. माझं घर इथून दोनशे किलोमीटरवर.
निळ्यांचं मला देणं नाही, पांढऱ्यांकडून घेणं नाही,
असं बुटाच्या नाड्या आवळताना स्वतःला सांगतो.
दोन बूट, म्हणून दोनदा.

एक हंगाम आला होता रिकाम्या खुर्च्यांचा.
साथीचं वर्ष.
चकतीचा ठोका छताला लागून परत यायचा,
कुणी दातांत शिवी चावली तरी
शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची, आणि तिथे कुणी नसायचं.
त्या वर्षी माझी शिट्टी हलकी होती.
दिसलं की वाजायची.
पाहुणे जिंकून बसमध्ये बसायचे,
आणि कुणाला नवल वाटायचं नाही.
मलाच वाटायचं,
मग एरवी हिच्यात कोण काय भरतं?

काल सातवा सामना.
दोन-दोन. शेवटची चार मिनिटं.
स्टँडमध्ये पाच हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त गाव.
कागद गिरणीची पाळी सुटून तशीच आलेली,
काहींच्या कानात अजून बोळे.
निळ्यांच्या बचावपटूने
पांढऱ्या क्विस्टच्या कमरेत काठी अडकवली.
मला दिसलं. स्वच्छ दिसलं.
दंड उठायला हवा होता.
लोक ओरडले असते तर बरं झालं असतं,
ओरडणाऱ्यांवर चिडून मी वाजवलीच असती.
पण त्यांनी श्वास रोखला.
पाच हजार जणांनी एकदम.
आणि मोजायला गेलं तर
पाच हजार एक.

अर्धा क्षण.
तेवढ्यात चकती पुढे गेली.
पुढे गेलेल्या खेळाला
मागून हाक मारता येत नाही.

जादा वेळेत निळे जिंकले. कुणी कुणाला मिठ्या मारल्या
ते मी पाहिलं नाही, नोंदवहीत तोंड घातलं होतं.
क्विस्टने हात मिळवला. ‘चांगला झाला सामना,’ म्हणाला.
माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.
तक्रार केली असती तर उत्तर तयार होतं माझ्यापाशी.

मागच्या बोळात अंधार.
पांढऱ्यांचा गोलरक्षक, विशीचा असेल,
भिंतीवरून हात फिरवत दिव्याचं बटण शोधत होता.
ते तिथे कुणालाच सापडत नाही,
आग विझवायच्या नळकांड्यामागे आहे.
गावातल्या पोरासोरांनाही माहीत.
मलाही माहीत, बावीस वर्षं येतोय.
मी दिवा लावला. तो ‘आभारी आहे’ म्हणाला.
काल पाहुण्यांना माझ्याकडून
तेवढंच मिळालं.

रात्री दोनला घरी पोचलो.
बायको झोपलेली. किल्ली काळोखातच लागली,
उंबऱ्याची उंची पायाला पाठ.
दाराजवळ हात आपणहून उठला
आणि बरोबर बटणावर गेला,
अर्धा क्षणही न घेता.

दिवा लावून तसाच उभा राहिलो,
बूट हातात.