पाठकोरा

चर्चच्या पत्रकावर पुढे प्रभुभोजनाची वेळ,
मागच्या कोऱ्या बाजूला
मी तुझे गुन्हे लिहून आणले होते, शुलमिथ:
आईच्या औषधांचे पैसे,
डिसेंबरातला तो अर्धवट ठेवलेला फोन,
माझ्या मुलाला सगळ्यांदेखत
'वाया गेलेला' म्हणालीस ते.
प्रत्येकापुढे एकेक वचन, अध्यायासकट.

डंडीत साडेतीनलाच अंधारलं होतं.
बसमध्ये तीनदा प्रार्थना केली.
खरं सांगू? तू हरावीस म्हणून.

दार उघडलंस तर हाताला कणीक,
चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं जोडलेली.
"बूट राहू दे, फरशी गार आहे."

कागद खिशातच राहिला.
म्हटलं, "तू त्याला वाया गेलेला म्हणालीस.
मला ते फार लागलं."
एवढंच. वचनाशिवाय.

तू मळत राहिलीस. कणीक केव्हाच झाली होती,
तरी मळत राहिलीस.
मग माझ्याकडे न बघता,
"आणि तू? वर्षभर दर रविवारी
माझ्या पाठीमागच्या बाकावर बसलीस.
शांतीचा हात द्यायला मी वळायचे,
तेव्हा तुझी पर्स हरवलेली असायची."

हे यादीत नव्हतं.

मी बूट काढलेच.
फरशी खरंच गार होती.