तीन बिंबलं

पणजीहून तक्ता आलाय, गुळगुळीत कागदाचा.
त्यात भांग पाडलेला एक मुलगा
हात जोडून बाईंना म्हणतो, धन्यवाद.
दोघांचेही बूट चकाकतात.

चोडणच्या बालवाडीत असे बूट कुणाकडे नाहीत,
माझ्याकडेही नाहीत.
रायबंदरची फेरीबोट धक्क्याला लागते तिथला चिखल
माझ्या चपलांना रोज वर्गापर्यंत पोचवतो.
पाल हाकलून मी तक्ता भिंतीला डकवला
आणि शिष्टाचार सुरू केले.

कुणी काही दिलं की काय म्हणायचं?
अठरा तोंडं एकदम: धन्य-वाऽऽद!
साईशचा जोर असा
की बिस्किटाचा निम्मा चुरा माझ्या पदरावर.
दुर्वाला शब्द फारच आवडला.
ती खडूला म्हणते, दाराच्या कडीला म्हणते,
शिंक आली तरी नाक पुसत, धन्यवाद.

बेन्तो म्हणत नाही.
बिस्किट घेतो, उलटंसुलटं करून बघतो,
अर्धं खातो, अर्धं खिशात,
आणि माझ्याकडे असा बघतो
जसं काही मीच विसरलेय.

म्हण रे.
गप्प.
बरं, घरी म्हणतात तसं म्हण, देव बरें करूं.
गप्प. डाव्या पायानं उजवा पाय खाजवणं.
मग उद्यापासून बिस्किट नाही, मी म्हणाले.
(हे तक्त्यात नव्हतं.)

दुपारी धक्क्यावर त्याला पुन्हा पाहिलं.
जुझे अंकल बोटीतून उतरत होते, काठीनं जमीन चाचपत,
आता त्यांना उजेडाइतकंच दिसतं.
बेन्तोनं त्यांच्या वाटेतला ओला दोरखंड
दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला
आणि परत खारफुटीतले खेकडे मोजायला बसला.
अंकलना कळलंही नाही.
मी बोटीत चढले. रायबंदर येईपर्यंत
कठड्याला धरून उभी राहिले, जागा असून.

आज सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला.
खिशातून काढली तीन बिंबलं,
एक चेंगरलेलं,
तिन्हींना कालच्या बिस्किटाचा चुरा चिकटलेला.
धुवून आणते, म्हणणार होते.
नाही म्हटलं. चेंगरलेलंच तोंडात टाकलं.

आई गं.
डोळे मिटले, कानशिलं झणझणली,
जबडा जागचा हलेना.
अठरा पोरं बाकांवर चढून हसत होती
आणि दुर्वा त्या हसण्यालाच म्हणत होती, धन्यवाद, धन्यवाद.

डोळे उघडले तर बेन्तो तसाच उभा,
माझ्या तोंडाकडे टक लावून.
त्या शब्दाची वाट बघत होता
की आंबट किती लागलं ते?
शब्द खरंच सुचला नाही मला.

त्यानं दुसऱ्या खिशात हात घातला,
वहीच्या कागदाची इवलीशी पुडी काढली,
जपून उघडली, वारा लागू नये म्हणून पाठ वळवून,
आणि हळूच विचारलं,
बाय, मीठ जाय?