किटण

जिंतूर रोडला तहसीन मॅडमनी
खालच्या दातांमागं अवजार घातलं
आणि मला माझ्याच दुकानाचा आवाज आला:
खर्र, खर्र.

वीस वर्षं मी परभणीकरांचे
हीटरचे रॉड खरवडतोय.
बोअरचं पाणी. क्षाराचा थर असा बसतो,
पेचकसाशिवाय सुटत नाही.

"बादलीतून काढला की लगीच पुसावा,"
गिऱ्हाइकाला सांगतो,
"ओलं हाय तवर फडक्यानं जातंय."
गिऱ्हाईक हो म्हणतं.

"मऊ असतं तेव्हाच ब्रशनं जातं," मॅडम म्हणाल्या,
"रात्री झोपताना. हिरडीच्या कडेकडेनं."

मी हो म्हणालो,
तोंड उघडं, नुसतं घशातून.

ट्रेमध्ये पिवळट खपली पडली.
उठून मी ती बोटावर घेतली, उजेडात धरली.
सवयीनं म्हणणारच होतो,
आता वर्षाला दाखवत जा.