पुढची बाजू

बिरकत-अल-मौझच्या चौकीवर
पोलिसाने वाकून गाडीची चाकं पाहिली,
चारी ओढतात ना, विचारलं,
आणि आम्हाला डोंगरावर सोडलं.
खाली निझवात अडतीस होतं.
सैकच्या पठारावर मी दोन वर्षांत पहिल्यांदा
सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

अझ्झान अल-रियामींच्या मागच्या अंगणात
सिमेंटच्या ठोकळ्यांवर फळ्या,
फळ्यांवर अकरा झाडं.
मी गेलो होतो पंपासाठी,
टाकीतलं पाणी वर चढेना म्हणून.
हातात पाना, बोटांना ग्रीस.
"आधी हात धू," म्हणाले, "मग बघ."

बघायचं काय?
दीड वीत उंचीचं झाड.
आमच्याकडे संगमेश्वरला आई म्हणते,
खुंटवलेलं रोप उंबऱ्याच्या आत आणू नये,
घरातल्यांची वाढ खुंटते.
मी तेच बोललो, त्यांना कळेल अशा हिंदीत.
ते हसले नाहीत.
"याला मी नाही खुंटवलं.
कड्याच्या भेगेत होतं. वरून वारा, खाली दगड,
आणि कोवळं काही फुटलं की शेळ्या.
रस्ता रुंद करायला बुलडोझर निघाला होता.
परवानगीचा कागद आणि पहार घेऊन
मी त्याच्या तासभर आधी पोचलो."

अलअलान.
त्यांनी झाडाचं नाव सांगितलं तेव्हा
मला वाटलं, दरीपलीकडून कुणी कुणाला हाक मारतंय.

"उभ्याने नको. बस."
मी उकिडवा बसलो, नाक कुंडीच्या काठाशी.
आणि झाड एकदम उंच झालं.
अर्ध्याहून जास्त मेलेलं होतं ते.
पांढरं, पीळ पडलेलं,
उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या शिंगासारखं गुळगुळीत.
त्याला बिलगून दोन बोटं रुंदीची एक पट्टी,
चिंचेच्या गराच्या रंगाची,
तेवढ्यातूनच सगळं पाणी वर जात होतं.
शेंड्याला हिरवा पुंजका
आणि राखेत लोळवल्यासारखी तीन निळी फळं.

वय?
"माहीत नाही."
हा पीळ कुणी दिला?
"माहीत नाही. मी माती झटकली.
तीन वर्षं कात्री लावली नाही.
दगडाच्या चुऱ्यात ठेवलं, पाणी दिलं,
आणि रोज सकाळी त्याला विचारायचं टाळलं
की बाबा, राहणार आहेस का."

आता कुणी म्हणेल, विश्राम, तूही असाच,
उपटून आणलेला, परक्या कुंडीतला.
तसं काही नाही.
मी करारावर सही करून आलो,
परतीच्या तिकिटासकट.
झाडाला झाड राहू द्या.

मग त्यांनी कुंडीखालची चकती फिरवली,
हळू, जात्याची पाळी फिरवावी तशी.
"याची पुढची बाजू कुठली? तू सांग."
मी बराच वेळ लावला. पंप तसाच उघडा पडलेला.
एका ठिकाणी मेलेल्या लाकडात
अंगठा जाईल एवढी खोबण होती,
आणि तिच्यातून, दुसरी वाटच नसल्यासारखी,
एक जिवंत काडी बाहेर आलेली.
"ही."
"ती तर मागची. शेळीने खाल्लेली.
पाच वर्षं मी ती भिंतीकडे ठेवलीय."

मी ओशाळलो. पान्याकडे वळलो.
वॉशर गेला होता, एवढंच. अर्ध्या तासाचं काम.
पाणी आलं तेव्हा सांगायला मागे पाहिलं
तर तो साठीचा माणूस दिशदाशा गुडघ्यापर्यंत ओढून
माझ्याच जागेवर उकिडवा बसलेला,
आणि भिंतीकडे आता दुसरीच बाजू होती.
मी बिल पाटीखाली ठेवलं आणि निघालो.

रात्री आईचा फोन.
डोंगरावर काय पाहिलंस?
झाड.
केवढं?
माझ्या हाताने हवेत माप धरलं,
मग ते थोडं वाढवलं,
मग आणखी थोडं.
तिला काय दिसणार होतं म्हणा, साधा फोन.
"अरे, केवढं?"